शिवडीचा शेव्हरोले आणि मुंबईचा हौदा

जुन्या अमेरिकन चित्रपटांत शेताच्या कडेला उभा असलेला, गोल नाकाचा, फुगीर मडगार्डांचा शेव्हरोले पिकअप अनेकांनी पाहिलेला असतो. त्याच घराण्यातील मालवाहू गाड्या १९२८ पासून पंचवीसहून अधिक वर्षे लालबागहून पायी गाठता येईल अशा अंतरावर, शिवडीत, जुळवल्या जात होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

मुंबईत जुन्या गाड्या हौसेने उघडून, एकेक सुटा भाग दुरुस्त करून पुन्हा उभ्या करणारी मंडळी आजही आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती जेव्हा मोटारीऐवजी असा मालवाहू पिकअप येतो, तेव्हा एक विचित्र पेच उभा राहतो. गाडी ‘मूळ रूपात’ आणायची, हे ठरलेले असते. पण तिचे मूळ रूप कोणते? या पेचाचे उत्तर शोधायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारने रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. रस्ते हा केवळ प्रांतांचा आणि स्थानिक मंडळांचा विषय ठेवून भागणार नाही, पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर बसवून त्यातून स्वतंत्र निधी उभारावा, असा त्याचा सूर होता. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. मोटार ही श्रीमंतांची चैन न राहता माल वाहणारे साधन होणार, हे सरकारदरबारी मान्य झाल्याची ही खूण होती.

नेमक्या त्याच १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने शिवडीत जुळणी कारखाना सुरू केला. भारतातील मोटारजुळणीचा हा पहिला मोठा कारखाना. फोर्ड कंपनी त्यानंतर दोन-तीन वर्षांत मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात आली. फोर्डची भारतीय शाखा अमेरिकेतील मूळ कंपनीची नव्हे, तर फोर्ड कॅनडाची होती. यामागे कारण होते. कॅनडा ब्रिटिश साम्राज्याचा भाग असल्याने तेथून येणाऱ्या मालाला साम्राज्यांतर्गत जकातीची सवलत मिळे, आणि उजव्या हाताच्या सुकाणूच्या गाड्याही तेथे तयार होत. शेव्हरोलेसाठी हेच काम कॅनडातील ओशावा येथील जनरल मोटर्सचा कारखाना करी. त्यामुळे ज्याला सर्रास ‘अमेरिकन ट्रक’ म्हटले जाते, त्याच्या जन्मपत्रिकेत अनेकदा कॅनडाही असतो.

शिवडीची निवड सहज समजण्याजोगी आहे. बंदर जवळ, बंदराची रेल्वे जवळ आणि कुशल हातही जवळ. परळला दोन रेल्वे कंपन्यांच्या कार्यशाळा होत्या, १९१५ पासून माटुंग्याला डब्यांची कार्यशाळा होती आणि सभोवार गिरण्या होत्या. प्रत्येक गिरणीत फिटर, टर्नर, लोहार, सुतार असा स्वतःचा दुरुस्ती विभाग असे. लेथवर शाफ्ट चढवणारा किंवा सागवानी फळी रंधून एका सांध्यात बसवणारा माणूस या परिसरात शोधावा लागत नसे.

‘जुळणी’ या शब्दाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. संपूर्ण मोटार जहाजात ठेवली तर तिच्या आत-बाहेरची पुष्कळशी जागा केवळ हवेने भरलेली असते, आणि त्या हवेचेही जहाजभाडे द्यावे लागते. म्हणून इंजिन, अॅक्सल, चासीच्या तुळया, पत्र्याचे भाग वेगवेगळे करून लाकडी खोक्यांत घट्ट रचून पाठवायचे आणि येथे जोडायचे. ट्रकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ग्राहकाला अनेकदा पूर्ण गाडी मिळतच नसे. त्याला चासी, इंजिन, समोरचे नाक आणि फार तर केबिन मिळे. पाठीमागचा हौदा त्याने आपल्या धंद्याच्या सोयीप्रमाणे बांधून घ्यायचा.

‘बांधून घ्यायचा’ हा शब्दप्रयोग मराठीत आजही जिवंत आहे. घर बांधतात, होडी बांधतात आणि ट्रकची बॉडीही बांधतात. ती कारखान्यात ‘तयार’ होत नाही. आणि ‘हौदा’ हा शब्द तर हत्तीच्या पाठीवरून थेट ट्रकच्या पाठीवर आला. (टाटांच्या छोट्या मालवाहू गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा हे वर्तुळ नकळत पूर्ण झाले.)

ट्रक येण्यापूर्वी गिरणगावातील माल कोण वाहत होते? बैल आणि माणसे. कॉटन ग्रीनच्या गुदामांतून कापसाच्या गाठी गिरण्यांत येत, त्या बैलगाड्यांतून आणि हातगाड्यांवरून. ओझ्याच्या बैलगाडीला ‘खटारा’ म्हणत. त्या शब्दात हेटाळणी नव्हती. ते एका वाहनाचे नाव होते. मोटारी आल्या, खटारे मागे पडले आणि शब्दाचा अर्थ खाली घसरला. आज रस्त्याकडेला गंजत पडलेल्या जुन्या ट्रकला लोक खटारा म्हणतात. ज्याने खटाऱ्याला हटवले तोच खटारा झाला.

शिवडीच्या पहिल्या वर्षांतच शेव्हरोलेने एक महत्त्वाचा बदल केला. १९२९ च्या गाड्यांसाठी चार सिलिंडरच्या जागी सहा सिलिंडरचे नवे इंजिन आले, सुमारे ३.२ लिटरचे. ‘चाराच्या किमतीत सहा’ ही त्याची जाहिरात होती. त्यावरील खाचेचे बोल्ट लोखंडी शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून अमेरिकेत त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ असे गमतीचे नाव पडले. १९३७ मध्ये त्याची सुधारित, सुमारे साडेतीन लिटरची आवृत्ती आली आणि तीच पुढे पंधरा-सोळा वर्षे शेव्हरोले ट्रकांत धडधडत राहिली. या इंजिनाचा अंतर्भाग पुढे तपशिलाने पाहावा लागेल, कारण हौशी दुरुस्तीकाराची खरी परीक्षा तेथेच होते.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईतील जुळणी कारखाने लष्करी गाड्यांना जुंपले गेले. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोले या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच नमुन्याचे, आखूड नाकाचे लष्करी ट्रक बनवले. त्यांची संख्या चार लाखांहून अधिक होती. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाड्यांवर ते मोठ्या प्रमाणात वापरले गेले. युद्ध संपताच या सामग्रीचे काय करायचे, असा प्रश्न पडला आणि सरकारने विल्हेवाटीसाठी स्वतंत्र खातेच उघडले. लष्कराने टाकलेले ट्रक, जीप, इंजिने, टायर, सुटे भाग व्यापाऱ्यांच्या हाती गेले. आजही एखाद्या जुन्या मालवाहू गाडीचा रंग खरवडताना लाल आणि निळ्या थरांखाली हिरवट खाकी लागतो, तेव्हा गाडीच्या कागदपत्रांत नसलेले एक प्रकरण उघडते.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई हे वाहनउद्योगाचे केंद्र होऊ पाहत होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डी सोटो मोटारी आणि डॉज व फार्गो ट्रक आणले. माझगावात महिंद्रांच्या विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. शिवडीत शेव्हरोलेबरोबर ब्रिटनच्या बेडफर्डचेही ट्रक जुळत. १९४७ च्या जूनमध्ये अमेरिकेत शेव्हरोलेने ट्रकांची संपूर्ण नवी मालिका बाजारात आणली. रुंद केबिन, पाच आडव्या पट्ट्यांची दर्शनी जाळी, गोल खांदे. जगभरातील हौशी लोक ज्या पिकअपवर जीव टाकतात तो प्रामुख्याने याच मालिकेतला.

आणि मग हा खेळ अचानक संपला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने मोटारउद्योगावर अहवाल दिला. त्यातील शिफारस मान्य करून सरकारने ठरवले की, टप्प्याटप्प्याने भारतात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी आहे त्यांनीच येथे राहावे. केवळ आयात भाग जोडणाऱ्यांना यापुढे जागा नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. त्याच वर्षी जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रकांचे उत्पादन सुरू झाले आणि भारतीय रस्त्यावरील मालवाहतुकीचा चेहरा बदलला.

त्या धोरणाबद्दल मतभेद असू शकतात. देशी उद्योग त्यामुळे उभा राहिला हे खरे, आणि ग्राहकाला पुढे कैक वर्षे मोजक्या गाड्यांसाठी रांगा लावाव्या लागल्या हेही खरे. जुन्या शेव्हरोलेच्या मालकांसाठी मात्र त्याचा अर्थ अगदी साधा होता. गाडी हातात राहिली, पण तिचे माहेर तुटले. (शेव्हरोले हे नाव २००३ मध्ये भारतीय बाजारात परतले आणि २०१७ मध्ये पुन्हा गेले. दुसरा मुक्काम पहिल्यापेक्षा बराच आखूड ठरला.)

माहेर तुटलेल्या या गाड्या त्यानंतर कित्येक वर्षे चालल्या कशा? इतिहासाच्या पुस्तकांत या प्रश्नाला जागा मिळत नाही. पण मुंबईचा खरा वाटा येथेच आहे. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार होता, अजूनही त्याचा काही भाग शिल्लक आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सीचे नाव याच परिसराशी जोडलेले आहे. नवा भाग तेथे मिळाला नाही तर चोरबाजार, तेथेही नाही तर कुर्ल्याचे भंगारवाले. आणि कोठेच नाही मिळाला, तर जुना तुटका भाग नमुना म्हणून टर्नरपुढे ठेवायचा: असाच नवा काढून दे. अमेरिकेत कारखान्याने छापलेल्या यादीतील क्रमांक सांगितला की भाग मिळे. मुंबईत तो क्रमांक कुणी विचारत नसे. ‘नमुना आणलाय का?’ हा येथील प्रश्न होता.

पेट्रोल महाग झाले, विशेषतः १९७३ च्या तेलसंकटानंतर, तेव्हा अनेक अमेरिकन गाड्यांतील तहानलेली पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल इंजिने बसवली गेली. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्स डिझेल इंजिने बनत होती; कुर्ल्याच्या प्रीमियर ट्रकांतही पर्किन्स असे. त्यामुळे आज हाती लागणाऱ्या शेव्हरोलेच्या बॉनेटखाली शेव्हरोलेच असेल याची खात्री नसते. हौशी माणसाला हा मोठा अपेक्षाभंग वाटतो. परंतु ज्याने ते इंजिन बदलले त्याच्यापुढे प्रश्न इतिहासाचा नव्हता, रोजच्या भाड्यातून काय उरते याचा होता. त्याने ते बदलले म्हणूनच गाडी भंगारात न जाता रस्त्यावर राहिली.

छोट्या मालवाहतुकीतून पिकअपला हटवले ते मात्र दुसऱ्याच एका गाडीने. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि गोरेगावात जर्मन नमुन्याची तीनचाकी मालवाहू गाडी तयार होऊ लागली. गिरगावच्या चिंचोळ्या वाडीत, दादरच्या भाजी मंडईच्या गर्दीत ती सहज वळे. तिने इतके घर केले की ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. ‘पिकअप’ला ते भाग्य लाभायला पुढे बराच काळ जावा लागला.

एवढा इतिहास पोटात घेऊन एखादी गाडी दादर किंवा गिरगावातल्या हौशी माणसाच्या अंगणात येते, तेव्हा काय होते?

पहिली अडचण अंगणाचीच. अमेरिकेत हा छंद वाढला तो घराशेजारच्या गॅरेजमुळे. मध्य मुंबईत स्वतंत्र गॅरेज म्हणजे चैन. दादरच्या हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीसारख्या नियोजित वसाहतींत इमारतीभोवती थोडी मोकळी जागा तरी असते. गिरगावच्या वाड्यांत तीही नाही. मग गाडी ताडपत्रीखाली, आणि काम रविवारी. पावसाळ्याचे चार महिने पत्र्याचे काम जवळपास थांबते, कारण घासून उघडा केलेला पत्रा खाऱ्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. शेजारी विचारतात, हे भंगार कधी उचलणार? पुनर्विकासाची बोलणी सुरू झालेल्या इमारतीत तर हा प्रश्न कुजबुजीवर थांबत नाही.

दुसरी गोष्ट बोल्टांची, आणि ती ऐकण्यासारखी आहे. मुंबईचा जुना मिस्त्री बोल्ट ‘सुता’त मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. शेव्हरोलेचे मूळ बोल्ट अमेरिकन आट्यांचे. गिरण्यांची यंत्रे मात्र लँकेशायरहून आलेली, त्यांचे बोल्ट ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचे, आणि गिरणगावात तेच मुबलक. गंमत अशी की दोन ते साडेतीन सुतांपर्यंत दोन्ही पद्धतींत इंचामागे आट्यांची संख्या सारखीच असल्याने एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जातो, जरी आट्यांचा कोन ५५ आणि ६० अंश असा वेगळा असला तरी. चार सुतावर मात्र घोळ होतो. व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्याला १३. ज्याला हे माहीत नाही तो जोर लावतो आणि आटे मारून बसतो.

म्हणून मुंबईत आयुष्य काढलेल्या ट्रकचे बोल्ट काढताना ते टाकून देणे हा गुन्हा मानला पाहिजे. कोठे अमेरिकन बोल्ट उरला आहे, कोठे व्हिटवर्थ आला, कोठे नंतरच्या काळातला मिलिमीटरचा बसला, यावरून गाडी कधी आणि कोणत्या बाजूने उघडली गेली याचा अंदाज बांधता येतो. उत्खननातील खापरांचे थर वाचावेत तसेच हे वाचन असते. प्रत्येक भागाचा उघडण्यापूर्वीचा फोटो, प्रत्येक बोल्टासाठी चिठ्ठी लावलेला डबा. कंटाळवाणे काम आहे, पण यात चुकले की पुढचे सारे अंदाजपंचे.

तिसरी गोष्ट इंजिनाची. १९३७ नंतरच्या त्या साडेतीन लिटर इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला आजच्यासारखी तयार, बदलता येणारी बेरिंगे नव्हती. तेथे व्हाइट मेटल, म्हणजे कथलाचा मऊ मिश्रधातू, वितळवून ओतलेला असे. आणि त्या बेरिंगांना तेलही पंपाच्या जोराने पूर्णपणे मिळत नसे. रॉडच्या बुडाशी असलेली छोटी पळी फिरता फिरता खालच्या पन्हाळीतून तेल उचलून घेई. रचना साधी, शांत वेगाला उत्तम. सतत पूर्ण ताकदीने पळवली तर मात्र बेरिंगे ठोकू लागत.

झिजलेले असे बेरिंग पुन्हा उभे करायचे तर जुना धातू वितळवून काढायचा, रॉड स्वच्छ करून कल्हई करायची, नवा धातू ओतायचा, मग लेथवर आतला व्यास कापायचा. शेवटी शाफ्टला पातळ रंग लावून रॉड बसवायचा, फिरवायचा, काढायचा आणि जेथे रंग लागला तेथे धारदार पातीने केसभर खरवडायचे. पुन्हा बसवायचे, पुन्हा पाहायचे. रॉड आणि त्याच्या टोपीमध्ये पत्र्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या असतात. एकेक काढून फट जुळवायची. गिरण्या आणि रेल्वेच्या कार्यशाळांत व्हाइट मेटलची बेरिंगे हे नित्याचे काम होते. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा कापडाबरोबर हे ओतण्याचे, खरवडण्याचे हातही पांगले. आज हौशी माणसाला इंजिनाचा सुटा भाग परदेशातून मागवता येतो; पण व्हाइट मेटल ओतून देणारा कारागीर जवळपास सापडणे अवघड झाले आहे.

येथपर्यंत ‘मूळ रूप’ म्हणजे काय, याबद्दल फारसा वाद नाही. इंजिन, चासी, केबिन यांची छापील माहिती उपलब्ध आहे. सहा व्होल्टची बॅटरी हवी, बारा नको. जाळीच्या पट्ट्या इतक्या आणि अशा. वाद सुरू होतो तो केबिनच्या मागे.

अमेरिकन पिकअपचा हौदा कारखान्यातूनच येई: पोलादी बाजू, लाकडी फळ्यांचे तळ आणि फळ्यांमध्ये पोलादी पट्ट्या. अमेरिकेत त्याचे हुबेहूब नवे संच आजही विकत मिळतात. मुंबईत चासीवर बांधलेल्या हौद्याची गोष्ट निराळी. तो कुणा सुताराने बांधलेला. लाकूड कोणते, बाजू किती उंच, फाळका खाली पडणारा की उचलून काढायचा, हे सगळे मालकाच्या धंद्यावर ठरलेले. दुधाचे डबे, बर्फाच्या लाद्या, कापडाचे तागे किंवा भाजीच्या पाट्या. ज्याचा जसा माल तसा हौदा. त्याचा आराखडा कोठेही छापलेला नाही, बहुधा कागदावर कधी काढलेलाही नाही. तो सुताराच्या डोक्यात होता आणि त्याच्याबरोबर गेला.

म्हणून मोहाची वाट सोपी असते. कुजलेल्या फळ्या उपटायच्या, परदेशातून तयार हौदा मागवायचा, चकचकीत लाल रंग द्यायचा, पट्ट्यांना क्रोम चढवायचे. गाडी देखणी दिसते, प्रदर्शनात गर्दी जमते. पण ती मग शिवडीची गाडी उरत नाही. ती आयोवातल्या शेतावरची गाडी होते, जेथे ती कधीच गेली नव्हती.

मराठीत याला चपखल शब्द आहे: जीर्णोद्धार. आणि त्या शब्दाचा गावोगावचा अनुभवही तोच आहे. काळ्या पाषाणाच्या मंदिराचा जीर्णोद्धार म्हणून कळसापासून पायरीपर्यंत ऑइलपेंट फासला जातो, गाभाऱ्यात चकचकीत फरशा बसतात, जुने लाकडी खांब रातोरात नाहीसे होतात. भक्ती खरी असते. नाहीसे होते ते देऊळ.

वास्तूंच्या बाबतीत जगाने यावर बराच विचार केला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की, वास्तूवर निरनिराळ्या काळांनी केलेले मोलाचे संस्कार जपले पाहिजेत. एकाच कुठल्या तरी शैलीत तिला परत नेणे हे ध्येय नव्हे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच धर्तीवर ट्यूरिन सनद तयार केली आणि २०१३ मध्ये ती मंजूर झाली. मुंबईने वास्तूंसाठी १९९५ मध्येच वारसा नियमावली केली, भारतात सर्वांत आधी. ऑपेरा हाऊसची १९११ ची इमारत जतनकार्यानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा शहराने आनंद मानला. तिच्या सावलीत ज्या बाजाराने गाड्या जगवल्या, त्या बाजाराची आणि त्या गाड्यांची मात्र कुठल्याही वारसा यादीत नोंद नाही.

वाहनांच्या बाबतीत कायदा २०२१ मध्ये आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, खासगी आणि अव्यावसायिक वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ दर्जा मिळू लागला. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणी ५,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत.

राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसला ही अट पेलते. तिने आयुष्यात केलेच काय? दसऱ्याला बाहेर पडली आणि परत पागेत गेली. प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या थोर संग्राहकांमुळे अशा गाड्या वाचल्या आणि त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु मालवाहू गाडीचा जन्मच धंद्यासाठी झालेला. तिचे इंजिन बदलले, हौदा दोनदा बांधला गेला, चासीला जोड दिला गेला, कारण ती कामावर होती. जो नियम बदलाला दोष मानतो त्याच्या चौकटीत कष्टकऱ्याचे वाहन अवघडूनच बसणार. मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत डौलदार मोटारींची रांग लागते आणि ट्रक क्वचितच दिसतो, त्याची कारणे अनेक असतील. पण जतन कशाचे करायचे हे ठरवताना नजर कोठे होती, हेही त्यांतले एक आहे.

तेव्हा पेचाकडे परत. दोन ठिकाणी जन्मलेल्या गाडीची दोन्ही मुळे खरी आहेत. इंजिन आणि केबिन यांच्यासाठी छापील पुस्तक प्रमाण मानावे. हौद्यासाठी प्रमाण एकच, समोर असलेले कुजके लाकूड. ते हलवण्यापूर्वी त्यावर तपकिरी कागद पसरून प्रत्येक फळीचा छाप घ्यावा लागतो. फळीची रुंदी आणि जाडी सुतात, भोकांमधले अंतर, सांधा कोणत्या पद्धतीचा, कोपऱ्यातील लोखंडी पट्टी लोहाराने ठोकलेली की बाजारची, फाळक्याची साखळी कोठे अडकवलेली आणि तिच्या घासण्याने लाकडाला किती खोल खाच पडली आहे. एखाद्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने केलेली खूण सापडते: सुताराने उजवी-डावी ओळखू यावी म्हणून ओढलेली एक-दोन रेघांची. ती खूण नव्या फळीवर तशीच उतरवायची, आणि जुनी फळी जाळायची नाही.